पिवळ्या डोक्याचा मेणकिडा

५ जानेवारी

कांद्याचे गोंडे उमलायला लागले. ओट्यावरून बघितलं की बियाण्याचा सगळा प्लॉट पांढरा दिसतो आणि बांधाच्या कडेनं मधमाश्यांच्या पेट्या. पेट्या माझ्या आणि रंभाच्या. अक्कल तिची, जागा आमची. रंभाचं माहेर दौंडकडचं. तिचा भाऊ डाळिंबाच्या बागांतून पेट्या ठेवतो, त्याच्याकडून ती शिकली आणि तिनं मला शिकवलं. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन न्हावऱ्यात आलो, तेव्हापासून एकीचं दुखलं की दुसरी कण्हते असं आमचं आहे.

कांद्याच्या बियाण्याला माशी लागतेच. माशी फिरली नाही तर गोंडा नुसता फुलतो, आत बी भरत नाही. म्हणून यंदा आमच्या प्लॉटबरोबर आजूबाजूच्यांनाही पेट्या देणार आहोत. रंभाचा नियम एकच. ज्याच्या रानाजवळ पेटी ठेवायची त्याचा शब्द घ्यायचा, की फुलोऱ्यात फवारणार नाही, आणि फवारावंच लागलं तर आदल्या संध्याकाळी सांगेन. म्हणजे माश्या आत आल्यावर दारं लावून पेट्या हलवता येतात. आज मी अख्खा शिवार फिरून सगळ्यांचा शब्द घेतला. शेजारच्या सोपानरावांना तर पेटीवर हात ठेवायला लावला. ते म्हणाले, "सविता, कोर्टात बी यवढी शप्पत घेत न्हाईत."

रंभानं विचारलं, "समद्यांचा शब्द घेतलास?" म्हटलं, समद्यांचा. "आन् घरधन्याचा?"

मला हसूच आलं. विक्रमचा कसला शब्द घ्यायचा? घरच्या माणसाकडून शब्द घेणारी मी पहिलीच ठरले असते. (तोंडावर 'अहो', वहीत विक्रम. वहीत तरी मोकळं बोलावं माणसानं.)

१२ जानेवारी

बियाणे कंपनीची प्रांजल मॅडम स्कूटीवरून येऊन गेली. गोंडे हलवून बघितले तर तळहातावर फुलकिडे पडले. ती आणि विक्रम बराच वेळ बांधावर बोलत होते. मी चहा घेऊन गेले तर दोघं गप्प झाले. तिचा चेहरा जरा काळजीचा होता. एवढीशी पोर, कामाचा ताण असणार.

रात्री जेवताना विक्रमनं आपणहून माश्यांची चौकशी केली. "पेटीतल्या थोड्या मेल्या तर बाकीच्या भरून काढत्यात का गं?" म्हटलं, राणी चांगली असेल तर काढतात. "मग चांगलंच हाय की," म्हणाला. इतके दिवस पेट्यांना 'तुमचं खूळ' म्हणणारा माणूस! माझा ऊर भरून आला. उद्या भोगीची भाकरी तीळ लावून अगदी मनापासून करणार.

१९ जानेवारी

आज केंदूरला गेले होते, तिथल्या दोन प्लॉटवाल्यांना पेट्या दाखवायच्या होत्या. रंभा असती तर दोघी गेलो असतो, पण ती भावाकडं दौंडला गेलीय. एस.टी.नं यायला दिवस मावळला.

घरी येते तर काय, विक्रमनं स्वतःचे कपडे स्वतः धुऊन वाळत टाकलेले! अंघोळ दुसऱ्यांदा केलेली. पेट्यांवर ओली पोती टाकलेली. म्हटलं, हे काय? म्हणाला, "ऊन लागत व्हतं त्यास्नी." जानेवारीच्या थंडीत ऊन! मी एवढी हसले. पण मनात म्हटलं, असू दे, काळजी तर घेतली. सासूबाई मात्र आज गप्प गप्प होत्या. गुडघे दुखत असतील.

२० जानेवारी

लिहवत नाही.

सकाळी पेट्यांसमोर माश्यांचा सडा. नुसत्या मेलेल्या नाहीत, काही जमिनीवर गोल गोल फिरत होत्या, उताण्या पडून पाय झाडत होत्या. मेलेल्यांच्या जिभा बाहेर. मी एकेक उचलून बघत बसले आणि रडू लागले, मेलेल्या माश्यांसाठी रडणारी बाई बघून गडीमाणसं काय म्हणतील याची शुद्ध राहिली नाही.

विक्रम म्हणाला, "थंडी लागली आसंल."

रंभाला फोन केला. तिनं एकच विचारलं, "आजूबाजूला कुनी फवारलं का?" म्हटलं, शक्यच नाही, सगळ्यांनी शब्द दिलाय. ती म्हणाली, "मी आल्यावर बगू."

२२ जानेवारी

सगळ्यांना विचारून झालं. सोपानराव तर चिडलेच, "पेटीवर हात ठिवलाय मी, इसरलीस काय?" विक्रमलाही विचारलं, तुम्ही कुणाला पंप घेऊन बघितलंत का? तर म्हणाला, "मी काय लोकांच्या रानात पहारा देतू व्हय?" तेही खरंच. उगाच त्याला विचारलं.

राण्या जिवंत आहेत. माश्या इतक्या कमी झाल्यात की चौकटींवर मधे मधे नुसतं पोळं दिसतं. रंभाचा भाऊ आजारी आहे, तिला अजून आठवडाभर येता येणार नाही.

२ फेब्रुवारी

चोर सापडला!

आज पेटीचा तळ साफ करताना विक्रमनंच मला हाक मारली. तळाच्या कचऱ्यात बारीक जाळी, त्यात बारक्या अळ्या, आणि झाकणाच्या फटीतून एक पाखरू सरसर पळालं. विक्रमनं लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला. मेणकिडा! पोळ्यात जाळं करून अख्खी वसाहत संपवतो, असं त्या व्हिडिओतला माणूस ओरडून ओरडून सांगत होता.

"पर हे आलं कुठनं?" मी विचारलं.

विक्रम म्हणाला, "पेट्या कुनी आनल्या? जुन्या हायत ना त्या, तिच्या भावाच्या?" आणि मग लगेच, "मी काय बोलत न्हाई बाबा, तुमचं तुम्ही बगा."

मी पेट्यांकडं बघत उभी राहिले. खरंच, निम्म्या पेट्या जुन्या. तेव्हा तिनं 'भावानं वापरलेल्या हायत, धुऊन आनल्यात' म्हणून सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. किडलेलं पोळं माझ्या गळ्यात मारलं तिनं. आणि वर मलाच विचारते, कुणी फवारलं का! तेरा वर्षांची मैत्रीण. माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसलेली. एवढ्याशा धंद्यासाठी? अंगाची लाही लाही होते आहे. जीव लावला त्या माणसानंच असं करावं, याच्याइतकं वाईट काही नाही.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

आज आमच्याकडं हळदीकुंकू होतं. सासूबाई (मालनबाई, आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष) दारात बसून सगळ्यांचं स्वागत करत होत्या. गटातल्या यच्चयावत बायका आल्या. रंभाही आली, दौंडहून थेट, पिशवी खाली न ठेवता. म्हणाली, "आधी पेट्या बगू दे."

ती परत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, पकडली गेली म्हणून. मी हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊनच बोलले. सगळं बोलले. किडक्या पेट्या दिल्यास, मेणकिडा घरात आणलास, वर साळसूदपणे फोनवर चौकशी केलीस. बायका वाण हातात धरून पुतळ्यासारख्या. कुणीतरी म्हणालं, "आगं बाई!"

रंभा म्हणाली, "बारका हाय का मोठा, ते तरी बगितलंस का?"

मी म्हटलं, बारका असो की मोठा, किडा तो किडाच.

तिनं एकदा ओट्याकडं बघितलं. तिथं विक्रम खुर्च्या मांडत होता. मग माझ्याकडं बघितलं. मी तिला कुंकू लावलं नाही. वाणही दिलं नाही. ती पिशवी उचलून गेली.

रात्री विक्रम जेवला नाही. म्हणाला, "जरा जास्तच झालं." मऊ मनाचा आहे. मी म्हटलं, तुम्ही नका तिची बाजू घेऊ.

१५ फेब्रुवारी

गटाच्या बायकांना मेणकिडा ओळखायला शिकवायचं मी ठरवलंय. माझी फसवणूक झाली ती दुसरीची होऊ नये. मोठ्या कागदावर चित्र काढून समाजमंदिरात लावणार. त्यासाठी तीन पाखरं आणि थोड्या अळ्या काचेच्या बरणीत धरल्या आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांना फोटो पाठवले. ते आधी मलाच प्रश्न विचारायला लागले. मी भिंगातून बघून सांगत गेले.

पाखरू बोटाच्या पेराच्याही निम्मं. रंग रुपेरी करडा, अंगावर ठिपका नाही, रेघ नाही. डोकं मात्र पिवळं, हळदीचं बोट लागल्यासारखं. बसलं की पंख अंगाला लपेटून घेतं. हुसकलं तर उडत नाही, पळतं.

सर म्हणाले, हा बारका मेणकिडा. मोठा असता तर याच्या दुप्पट असता, मातकट तपकिरी, पंख छपरासारखे आणि मागची कड खाचलेली. पेटीच्या लाकडात खाचा पडल्यात का बघा, मोठ्याच्या अळ्या कोष करायला लाकूड कोरतात.

बघितलं. एकही खाच नाही. जुन्या पेट्यांचं लाकूडही गुळगुळीत. नव्या पेट्यांतही हाच बारका, तेवढाच. हे मला जरा खटकलं. नव्या पेट्या तर आम्ही दोघींनी कोऱ्या घेतल्या होत्या.

१७ फेब्रुवारी

सरांशी आज फोनवर जवळजवळ भांडलेच.

ते म्हणतात, हा किडा माशी मारतच नाही. त्याला मेण हवं, कचरा हवा, मोकळं पोळं हवं. भरलेल्या पेटीत माश्या त्याला टिकूच देत नाहीत, ढकलून बाहेर काढतात. "तो आला म्हणून माश्या गेल्या नाहीत ताई. माश्या गेल्या म्हणून तो आला. अळ्या किती बारक्या आहेत बघा ना, जानेवारीच्या आधीच्या नाहीतच त्या. पेट्या कधी आल्या होत्या?"

डिसेंबरात.

"मग पेट्यांबरोबर कसा येईल? बरं, माश्या मेल्या तेव्हा जिभा बाहेर होत्या का? जमिनीवर गोल फिरत होत्या?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, ते औषध आहे. कुणीतरी भर फुलोऱ्यात, माश्या बाहेर असताना फवारलंय.

फोन ठेवला आणि बराच वेळ बरणीकडं बघत बसले. आतली पाखरं काचेवरून इकडून तिकडं पळत होती. यांचा काही दोषच नव्हता, आणि रंभाचाही नव्हता. हळदीकुंकवाच्या दिवशी ती 'बारका का मोठा' एवढंच विचारत होती आणि मी ऐकूनच घेतलं नाही.

मग ठरलं. सोपानराव. पेटीवर हात ठेवून खोटं बोलले. थांब, आता बघते त्यांच्याकडं.

१८ फेब्रुवारी

सोपानरावांच्या बांधावर जाऊन तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग खाली वाकून मूठभर माती घेतली आणि सोडली. धूळ आमच्या घराकडून त्यांच्या रानाकडं गेली. म्हणाले, "थंडीभर ह्योच वारा आसतू. माझ्या रानातलं औषध तुझ्या पेट्यांवर कसं यील, सांग बरं? जिकडनं वारा येतू तिकडं बग की."

जिकडून वारा येतो तिकडं फक्त आमचाच प्लॉट आहे. म्हणजे म्हातारा काहीतरीच बोलतो. विक्रमला सांगितलं, सोपानराव असं म्हणाले. तो एकदम भडकला, "त्या म्हाताऱ्याच्या नादी लागू नगंस." बरोबर आहे, त्याला राग येणारच. पण मग सासूबाई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "सोड आता त्यो नाद. झालं गेलं." त्या कधी असं हळू बोलत नाहीत.

८ मार्च

प्रांजल मॅडम गोंडे तपासायला आली. मी, विक्रम आणि ती प्लॉटमधे उभे. तिनं गोंडा चोळला, फुंकर मारली, हातात नुसतं फोलपट राहिलं. दुसरा, तिसरा. सगळे पोकळ. बी भरलंच नाही.

ती कळवळून म्हणाली, "फुलकिडे तर गेले होते की ओ. एकोणीसला तुम्ही फवारलं म्हटल्यावर मी बिनधास्त झाले. मी म्हटलं होतं ना, संध्याकाळी फवारा, पेट्या हलवून. वहिनींना सांगितलंच असेल तुम्ही."

विक्रम गोंड्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. प्रांजलच्या लक्षात काहीतरी आलं, ती स्कूटीकडं निघून गेली.

एकोणीस जानेवारी. मी केंदूरला. धुतलेले कपडे. ओली पोती. मला सगळं दिसलं होतं आणि मी हसले होते.

घरी आल्यावर विचारलं. नाही म्हणाला नाही, एवढं खरं. "फुलकिडं वाढलं व्हतं. प्लॉट नापास झाला आसता. पाहुन्याचा पंप त्या दिशी सकाळी नऊलाच मिळनार व्हता. तुला इचारलं आसतं तर तू आडवी पडली आसतीस. पोती टाकली व्हती की मी पेट्यांवर."

"सकाळी नऊला पोती टाकून काय होतंय? माश्या तर रानात होत्या!"

"मला काय म्हाईत."

"आणि रंभा? मी तिला सगळ्या बायकांसमोर बोलले. तुम्ही ओट्यावर होता."

"तूच बोललीस. मी कवा बोललो तिला?"

फवारलं ते एक वेळ समजू शकते. घाबरला, घाई झाली. पण किडा दाखवायला मला हाक कुणी मारली? व्हिडिओ कुणी काढून दिला? 'पेट्या कुनी आनल्या' कुणी म्हटलं? माझ्या हातात धोंडा दिला, माणूस दाखवला आणि आता म्हणतो, मारला तो तू. आणि सासूबाईंनाही माहीत होतं. या घरात माहीत नव्हतं ते फक्त मला.

९ मार्च

चूल पेटवली, स्वयंपाक केला, वाढला. बोलले नाही.

१४ मार्च

काल होळीची पोळी झाली. पोळी वाढताना विक्रम जवळ आला. त्यानं तोडगा काढलाय. म्हणाला, "रंभाची माफी माग. मी आडवत न्हाई. पर किड्याचंच सांग. म्हनावं किडा भायरनं आला, तुझ्या पेट्यातनं न्हाई. म्हंजी तिचं बी नाव निघलं, आपलं बी राह्यलं." सासूबाई म्हणाल्या, "पोरी, मी गटाची अध्यक्ष हाय. उद्या मला कोन इचारंल? घरातलं घरात ठेव."

वाईट हे की तोडगा चांगला आहे. पाखरू खरंच आहे. मी चित्रसुद्धा काढलंय त्याचं. तेवढं एक वाक्य बोललं की घर शाबूत, रंभा मोकळी, कुणाला काही कळणार नाही. कालपासून मी तेच मनात घोळवते आहे. आणि दरवेळी मला तिचा ओट्याकडं बघतानाचा चेहरा आठवतो.

३ एप्रिल

समाजमंदिरात गटाची बैठक. रंभा दाराजवळ बसली होती, माझ्याकडं न बघता. सासूबाई समोर अध्यक्षांच्या जागी. मी मेणकिड्याचं चित्र भिंतीला लावलं. पिवळं डोकं, करडे पंख, सगळं समजावून सांगितलं. बारका कोणता, मोठा कोणता. बायका ऐकत होत्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जरा हायसं दिसलं.

मग म्हटलं, "ह्यानं आमच्या माश्या मारल्या नाहीत. आमच्या माश्या आमच्या मालकांनी मारल्या. भर फुलोऱ्यात, सकाळी नऊला फवारून. आणि मी ते रंभाच्या नावावर खपवलं. तुमच्या सगळ्यांच्या समोर बोलले होते, म्हणून तुमच्या सगळ्यांच्या समोर सांगते. तिच्या पेट्या स्वच्छ होत्या."

सासूबाई म्हणाल्या, "बस खाली." मी बसले नाही. रंभाकडं गेले. म्हटलं, "चुकले मी, रंभा."

ती म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. जीभ भायेर आल्याली माशी मी लांबनं वळखती. आन् तुझा नवरा ओट्यावर मान खाली घालून खुर्च्या मांडत व्हता, कुनी येनार नसताना."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू इचारलंस कुठं? तू सांगत व्हतीस."

मी तिचा हात धरला. तिनं तो झटकला नाही, पण माझा हात धरलाही नाही.

"फुडल्या हंगामाला पेट्या पायजेत आसल्या तर दीन," ती म्हणाली. "धंद्यात तू खरी हायस, आज दिसलं. बांधावर आनून ठिवीन, माश्या बगून जाईन. पर सविता, तुझ्या घरात मी आता येनार न्हाई. आन् तू बी माझ्याकडं येऊ नगंस."

बायका उठल्या, सतरंजी गुंडाळली. सासूबाई माझ्यासाठी न थांबता निघून गेल्या. विक्रमला तोवर कुणीतरी फोन केलाच असणार. मी समाजमंदिराच्या पायरीवर बसले. रंभा तिच्या वस्तीच्या रस्त्याला लागली होती. तेरा वर्षांत त्या वळणावर ती कधी मागं वळून बघितल्याशिवाय गेली नव्हती. आज गेली.